ज्वारीचे माहेर आणि मलिक अंबरचा धारा



सभांमधून एक वाक्य फार ऐकू येते. कापसाला भाव नाही, पावसाने दगा दिला, कर्ज फिटत नाही, हे सगळे सांगून झाले की वक्ता आवाज चढवतो आणि म्हणतो, "असेच चालले तर आपल्या भागाचा सोमालिया होईल!" टाळ्या पडतात. वक्ता खाली बसतो. ज्या मुलुखाचे नाव शिवीसारखे वापरले, त्या मुलुखाशी आपले नाते काय, हे कोणी विचारत नाही.

हेच वाक्य पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात पोहोचते तेव्हा उलटून आपल्याच पोरांच्या तोंडावर बसते. नाशिक रस्त्याने भोसरीपासून चाकणपर्यंत आणि पुढे खेडपर्यंत जा. मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांत मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली पोरे ठेकेदाराच्या हजेरीवर कामाला आहेत. एका खोलीत पाच-सहा जण. कोरडवाहू शेतीने ज्यांना पोसता पोसता हात टेकले, ती ही आपलीच लेकरे. तिथे त्यांना काय ऐकावे लागते? 'दुष्काळी भागातले', 'ज्वारी खाणारे', 'मागासलेले'. पोर लाजते. गावाहून आलेली भाकरी डब्यातून काढताना इकडे-तिकडे बघते.

आफ्रिका म्हणजे भूक, ज्वारी म्हणजे गरिबी आणि कोरडवाहू शेतकरी म्हणजे अडाणी. हे तीन वेगवेगळे समज दिसतात, पण त्यांची मुळी एकच आहे. आम्ही शेतीशास्त्र शिकलो, पुढे चळवळीच्या कामात आलो. दोन्हीकडे जे पाहिले-वाचले त्यावरून आमचे स्पष्ट मत आहे की हे तिन्ही समज खोटे आहेत. एवढेच नव्हे, तर या खोट्याची किंमत दरवर्षी बाजारात तुम्ही-आम्हीच मोजतो. ते कसे, ते पाहू.

भाकरीचे माहेर

ज्वारी मूळची आपल्याकडची नाही. तिचे माहेर आफ्रिका. आजच्या सुदान देशाच्या पूर्व भागात, कसाला शहराच्या आसपास, पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या तुकड्यांत ज्वारीच्या दाण्यांचे आणि फोलाचे ठसे सापडले आहेत. तिथली माणसे त्या काळी रानज्वारीची माणसाळलेली ज्वारी करीत होती.

'माणसाळणे' हा शब्द छोटा आहे, काम मोठे आहे. रानटी ज्वारीचे कणीस पिकले की दाणे आपोआप गळून पडतात. झाडाच्या दृष्टीने ते बरोबर, कारण त्याला वंश पसरवायचा असतो. माणसाच्या दृष्टीने ते नुकसान, कारण खळ्यावर न्यायला काही उरत नाही. तेव्हा ज्या ताटाचे दाणे कणसाला धरून राहिले ते निवडायचे, तेच पुढच्या वर्षी पेरायचे, त्यातून पुन्हा निवडायचे, असे शेकडो पिढ्या करीत राहायचे. ना प्रयोगशाळा, ना पदवी. डोळा, हात आणि स्मरण एवढ्या भांडवलावर हे झाले. शेतीशास्त्रात याला 'निवड पद्धत' म्हणतात आणि आम्हाला ती कृषी महाविद्यालयात वर्गात बसून शिकवली. जिने ती पहिल्यांदा केली, त्या सुदानच्या बाईचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही.

बाजरीचे तसेच. ती सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, आजच्या माली देशात, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पिकाखाली आली. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ मुलुखातली. कापसात किंवा तुरीत ओळी टाकून आपण घेतो ती चवळी पश्चिम आफ्रिकेची. बांधावरची एरंडी पूर्व आफ्रिकेची. कलिंगड आफ्रिकेचे. इतकेच कशाला, गावच्या पारावरची चिंचसुद्धा मूळ आफ्रिकेची. अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' असे नाव दिले आणि तेच नाव इंग्रजीत गेले. माल एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार इतका जुना आहे.

ही बियाणी समुद्रावरून आली, नैर्ऋत्य वाऱ्यावर चालणाऱ्या गलबतांतून. साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वी ती पश्चिम भारतात रुजू लागली. वाहतूक एकेरी नव्हती. आपल्याकडचा तीळ तिकडे गेला. आपल्या वशिंडाच्या गुरांचे रक्त आफ्रिकेच्या गुरांत मिसळले. हा दोन कोरडवाहू मुलुखांतला देवघेवीचा व्यवहार होता. दोन्हीकडे पाऊस लहरी, जमीन तापट, आणि शेतकरी तेवढ्याच चिवट.

आपण नुसते घेतले नाही, आपणही भर घातली. पावसाळा संपल्यावर, काळ्या जमिनीच्या ओलीवर, एकाही पाण्याशिवाय थंडीत वाढणारी ज्वारी आपल्या दख्खनच्या शेतकऱ्याने घडवली. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात शास्त्रज्ञांनी स्थानिक मालदांडीतून एक निवड केली. तीच आपली एम ३५-१. नव्वद वर्षे होत आली, किती नवे वाण आले आणि गेले, रब्बीत मालदांडीच्या भाकरीला आणि कडब्याला तोड मिळालेली नाही. सुदानच्या बाईने सुरू केलेले काम सोलापूर-बीडच्या बाईने पुढे नेले. दोघींचीही नोंद नाही.

हायब्रीडची आई कोण?

कोणी म्हणेल, हे जुने झाले. पुढचे विज्ञान तर अमेरिकेतून आले. चला, तेही तपासू.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. कडवट, घशाखाली न उतरणारा, पण त्याने जीव जगवला. 'अमेरिकेचा मिलो' असेच सगळे म्हणत. मिलो ही ज्वारीच. आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली.

आता हायब्रीड पाहा. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी असते, त्यामुळे ती आपले आपण फळते. दोन वाणांचा संकर करायचा तर प्रत्येक फुलातले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतील. एकराला पुरेल इतके बियाणे तसे कोण करणार? त्यासाठी अशी मादी हवी होती जिच्यात परागच तयार होत नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या शास्त्रज्ञांनी ती शोधली. ती मिळाली कशातून? मिलो आणि काफिर या ज्वारीच्या दोन जातींच्या संकरातून, आणि दोन्ही मूळ आफ्रिकेच्या. या शोधावर जगातला सगळा हायब्रीड ज्वारीचा धंदा उभा आहे.

भारताची पहिली संकरित ज्वारी सी.एस.एच.-१ ही १९६४ साली आली. तिची मादी होती 'कंबाइन काफिर ६०'. आधी दाणा काळा पडला म्हणून आणि कडबा थिटा म्हणून आपण हायब्रीडला बोल लावले. ते बरोबरच होते, बाजारात भाव पाडायला व्यापाऱ्याला तेवढे कारण पुरते. मग सुधारलेले संकर आले, सी.एस.एच.-५ आणि सी.एस.एच.-९. त्या दोन्हींचा नर सी.एस. ३५४१. त्याचे रक्त सुदान-इथिओपियाच्या झेरा-झेरा ज्वारीचे. पावसाने ताण दिला तरी दाणा भरेपर्यंत पान हिरवे ठेवणारा गुण जगभरचे संशोधक आज ज्वारीत आणू पाहतात. त्यासाठी सर्वांत जास्त वापरला गेलेला वाण इथिओपियाच्या दुर्रा ज्वारीतून आलेला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 'काफिर' हा दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला गोऱ्यांनी दिलेल्या शिवीचा शब्द. ज्या शेतकऱ्यांनी ती ज्वारी घडवली, त्यांचे नाव तिला मिळाले नाही. त्यांना दिलेली शिवी तेवढी तिला चिकटली, आणि बियाण्याच्या नोंदीत ती अजून छापली जाते.

अंबरचा धारा

आता पिकावरून जमिनीकडे येऊ, आणि त्यासाठी चाकणला थांबू. चाकण म्हणजे कारखाने, ही गेल्या तीसेक वर्षांतली ओळख. कांद्याचा बाजार ही त्याआधीची. त्याच्याही आधी चाकण म्हणजे संग्रामदुर्ग किल्ला आणि भोवतालची चौऱ्यांशी गावे. पुणे, सुपे, चाकण, इंदापूर हा भोसल्यांच्या जहागिरीचा टापू. याच रस्त्याने पुढे गेले की जुन्नर लागते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काही काळ जुन्नर ही निजामशाहीची राजधानी होती, आणि ती राजधानी चालवणारा माणूस इथिओपियात जन्मलेला होता. त्याचे नाव मलिक अंबर.

सुमारे १५४८ चा जन्म. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. येमेनचे मोखा बंदर, बगदाद, असा हातोहात फिरत अहमदनगरच्या निजामशाहीत, पेशवा चंगेजखानाच्या पदरी आला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपली असे सगळे समजले. या माणसाने परांड्यात नवा निजामशहा गादीवर बसवला आणि १६२६ साली मरेपर्यंत, म्हणजे पंचवीसेक वर्षे, अकबर आणि जहांगीर यांच्या फौजांना दख्खन पुरता गिळू दिला नाही. मोगल फौज अवजड, रसदीवर चालणारी. अंबरचे मराठे स्वार हलके, आज इथे तर उद्या तिथे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. पुढे सह्याद्रीत जो गनिमी कावा गाजला, त्याची एक तालीम या मैदानावर झाली.

हबशी म्हटले की आपल्याला जंजिऱ्याचा सिद्दी आठवतो, आणि सिद्दी म्हणजे शत्रू एवढेच आठवते. जंजिऱ्याचा इतिहास खरा आहे, पण तो एवढाच नाही. शहाजीराजांची उमेदीची वर्षे ज्या दरबारात गेली, तो दरबार एका हबशाने तोलून धरला होता.

पण आमचे काम लढायांशी नाही, धाऱ्याशी आहे. अंबरच्या आधी महसूल मक्त्याने दिला जाई. जो सरकारला जास्त रक्कम कबूल करील त्याला परगणा मिळे, आणि मग तो रयतेकडून काय ओरबाडील त्याला हिशेब नसे. अंबरने हा मक्ता बंद केला. गावगाड्याची मोडलेली घडी बसवली. आधी काही हंगाम प्रत्यक्ष पिकाचा ठराविक हिस्सा धान्यात घेतला. जमीन खरोखर किती देते याचा अनुभव आल्यावर त्याची रोख रक्कम ठरवली, आणि तीही दरवर्षीची लागवड पाहून. ग्रँट डफ यांनी १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात याची नोंद आहे. हिस्सा पिकाचे दोन पंचमांश असे कागद सांगतो, पण रोखीत तो एक तृतीयांशच पडे अशी लोकांत आठवण होती, असेही ते लिहितात.

अंबर मेला आणि चार वर्षांत, १६३० साली, आदिलशाही फौजेने पुणे जाळले. त्यात भीषण दुष्काळ पडला. पुणे परगण्याची राने ओस पडली. दादोजी कोंडदेवांनी तो मुलूख पुन्हा वसवला. पडीक जमीन उठवणाऱ्याला पहिली वर्षे नाममात्र धारा, मग दरवर्षी थोडा चढता, आणि शेवटी पुरा धारा. हा पुरा धारा कोणता? मलिक अंबरचा. म्हणजे आज जिथे मोटारींचे कारखाने उभे आहेत, त्या पुणे प्रांताच्या शेतीचे मोजमाप एका इथिओपियन माणसाने घालून दिलेल्या मापाने होत होते.

१६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले. पिंपरीशेजारची खडकी ही नव्हे. मराठवाड्यातली, जिचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. त्या कोरड्या माळावर त्याने उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून पाणी आणले. उतार साधून नळ टाकले, जागोजाग उसासे ठेवले. ती नहर-ए-अंबरी. ना पंप, ना वीज. शेकडो वर्षे ते पाणी वाहत राहिले. कोरडवाहू भागातल्या माणसाला यापुढे जास्त काही सांगायला नको.

आम्ही कुठल्या राजाचे किंवा वजिराचे भाट नाही. पिकाचा तिसरा हिस्सा हा काही हलका बोजा नव्हे, आणि गनिमी काव्याच्या लढाईत रानेही जळतात. पण दोन गोष्टी त्याने केल्या त्या आजच्या सरकारांना सुचत नाहीत. एक, दर ठरवण्याआधी काही हंगाम शेतात काय पिकते ते पाहिले. दोन, सरकार आणि रयत यांच्यामधला मक्तेदार काढला. आज भाव ठरतो तो दिल्लीत, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा खरा खर्च त्यात कधी पुरता येत नाही. आणि मक्तेदार? तो चाकणच्या कारखान्यांच्या फाटकावर ठेकेदार होऊन उभा आहे. आपल्या पोराच्या घामाचा हिशेब मालक आणि पोर यांच्यात होत नाही, मधल्या माणसाच्या वहीत होतो.

टारफुला आणि एजेटा

मराठी घरात एक काळा शेतीशास्त्रज्ञ सगळ्यांना माहीत आहे. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली आले आणि शाळाशाळांतून वाचले गेले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामीत जन्मले आणि १८९६ साली अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शिकवायला गेले. कापसावर कापूस घेऊन तिथल्या जमिनीचा कस गेला होता. त्यांनी गरीब शेतकऱ्यांना भुईमूग, रताळी आणि चवळी लावायला सांगितले. आपण कापसाला तुरीची किंवा मुगाची जोड देतो त्यामागचे शास्त्र तेच: शेंगवर्गाची पिके हवेतले नत्र जमिनीत बांधतात. १९०६ पासून टस्कीगीची एक गाडी अवजारे आणि बियाणे घेऊन गावोगाव फिरू लागली. शेतकऱ्याने संस्थेत यायचे नाही, संस्थेने बांधावर जायचे, हा त्यामागचा विचार. आणि चवळी? कार्व्हरच्या पूर्वजांच्याच मुलुखातली.

कार्व्हर आपल्याला ठाऊक आहेत ही चांगली गोष्ट. पण ज्वारी पेरणाऱ्याने आणखी एक नाव ठाऊक करून घेतले पाहिजे: गेबिसा एजेटा. इथिओपियातल्या वोलोन्कोमी या खेड्यात, एका खोलीच्या गवताच्या झोपडीत जन्म. शाळा वीस किलोमीटरवर. रविवारी रात्री चालत जायचे आणि शुक्रवारी परत यायचे. आईने शिकवायचे ठरवले म्हणून शिकले. पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि इक्रिसॅटच्या कामावर सुदानला गेले. इक्रिसॅट म्हणजे आपल्या शेजारच्या तेलंगणातल्या पाटणचेरूची कोरडवाहू पिकांची संस्था. १९८३ साली सुदानमध्ये त्यांची 'हागीन दुरा-१' ही संकरित ज्वारी आली, आफ्रिकेत शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेली पहिली. तिथल्या भाषेत ज्वारीलाच 'दुरा' म्हणतात.

त्यांचे दुसरे काम त्याहून मोठे. ज्वारीतला टारफुला तुम्हाला सांगायला नको. निंदून काढा, पुन्हा आहेच. त्याचे बी मोहरीपेक्षा किती तरी बारीक आणि वर्षानुवर्षे जमिनीत निजून राहणारे. ते जागे होते कधी? ज्वारीच्या मुळातून जो रस पाझरतो त्याची चाहूल लागली की. मग ते मुळाला चिकटते आणि आतूनच पीक शोषते. टारफुला जमिनीवर दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते, म्हणून खुरपणीने तो आवरत नाही. एजेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नेमके हेरले. ज्या ज्वारीच्या मुळातून ती चाहूल फार थोडी सुटते अशा जाती निवडल्या आणि तो गुण चांगल्या उत्पन्नाच्या वाणांत आणला. बी जमिनीत आहे, पण ते जागेच होत नाही. १९९०च्या दशकात ही बियाणी आफ्रिकेच्या अनेक देशांत पोहोचली. २००९ साली एजेटांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एका कोरडवाहू आईच्या मुलाने कोरडवाहू शेतकऱ्याच्या वैऱ्याला हरवण्याचा मार्ग काढला.

विज्ञानाच्या बाहेरचेही एक उदाहरण देतो. चाकणचे पोर पगार झाला की फोनवरून गावी पैसे पाठवते. खेड्यातल्या, बँकेत खाते नसलेल्या माणसाला साध्या फोनवरून पैसे पाठवता येतात, हे देशभर मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवले ते केनियाने. २००७ साली तिथे 'एम-पेसा' सुरू झाले. आपली यूपीआय व्यवस्था २०१६ ची. तिची रचना वेगळी आहे, पण गरिबाचा फोन हीच त्याची बँक होऊ शकते हे केनियाने आधी दाखवले होते. स्वाहिलीतला 'पेसा' आणि आपला 'पैसा' कानाला सख्खे भाऊ वाटतात. आणि ज्या आकुर्डीत बजाज ऑटोचे मुख्य कार्यालय आहे, त्या कंपनीच्या बॉक्सर मोटारसायकली युगांडा-केनियाच्या कच्च्या रस्त्यांवर भाड्याने माणसे आणि माल वाहतात. आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांना आफ्रिकेचे गिऱ्हाईक चालते. तिथल्या माणसाबद्दल मात्र आपली कल्पना अजून सोमालियाच्या फोटोपाशीच अडलेली आहे.

याने पोट भरते काय?

असा प्रश्न कोणी बैठकीत विचारील आणि तो रास्त आहे. मलिक अंबरची गोष्ट ऐकून कापसाचा भाव वाढत नाही. पण व्यवहार कसा चालतो ते पाहा.

ज्याने वस्तू घडवली त्याचे नाव आधी पुसले जाते. मग ती वस्तू 'अशीच, निसर्गात उगवलेली' ठरते. निसर्गात उगवलेल्या वस्तूला कोण दाम देणार? तीच वस्तू प्रयोगशाळेतून पिशवीत भरून आली की तिच्यावर कंपनीचे नाव आणि किंमत दोन्ही छापून येतात. आफ्रिकेच्या शेतकऱ्याचे हे पाच हजार वर्षांचे दुखणे आणि आपलेही तेच.

मालदांडीचेच उदाहरण घ्या. २०२४-२५ साठी केंद्राने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये ठरवला आणि मालदांडीचा ३,४२१ रुपये. फरक ५० रुपये! उत्पन्न कमी, पाणी नाही, सगळा भरवसा जमिनीच्या ओलीवर, आणि भाकरी-कडबा सर्वांत सरस. या सगळ्याची सरकारने केलेली किंमत क्विंटलमागे ५० रुपये. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' असे भारदस्त नाव मिळाले. शहरातल्या दुकानात ज्वारीची बिस्किटे आली. खळ्यावरच्या भावाला मात्र 'श्री' लागली नाही.

जो ज्वारीला हिणवतो तो आफ्रिकेला हिणवतो आणि तोच कोरडवाहू शेतकऱ्यालाही हिणवतो. आपण पहिल्या दोघांना हिणवण्यात सामील झालो तर तिसऱ्याची बाजू कोणत्या तोंडाने मांडणार? पिंपरी-चिंचवड-पुण्याच्या बाजूला आफ्रिकेतली पुष्कळ मुले शिकायला येतात. जो घरमालक आपल्या पोराला 'बाहेरचा' म्हणून खोली नाकारतो, तो त्यांना रंगावरून नाकारतो. त्यांचा आणि आपला वाद एकाच दाराशी आहे.

बैठकीपुढे ठेवायच्या गोष्टी

सबब येत्या जिल्हा बैठकीत पुढील चार गोष्टींवर चर्चा व्हावी आणि ठराव व्हावा, असे आम्ही सुचवतो.

पहिली : 'आपला सोमालिया होईल' हे वाक्य आपल्या व्यासपीठावरून बंद व्हावे. दुष्काळाचे वर्णन करायला आपल्याकडे आपले अनुभव भरपूर आहेत. दुसऱ्या शेतकऱ्यांच्या दुःखाची शिवी करण्याची गरज नाही.

दुसरी : मालदांडीचा हमीभाव रब्बीच्या कोरडवाहू उत्पादन खर्चावर स्वतंत्रपणे ठरवावा. संकरित ज्वारीच्या भावाला ५० रुपये चिकटवून तो ठरवू नये. अंबरने केले तसे, आधी काही हंगाम शेतात येऊन पाहा, मग आकडा लिहा.

तिसरी : प्रत्येक तालुक्याने गावातल्या जुन्या ज्वारी-बाजरीच्या, हुरड्याच्या आणि गावरान कापसाच्या वाणांची यादी करावी. वाणाचे नाव, गाव, गुण, आणि ज्या घरात ते राखले गेले त्या घराचे, विशेषतः त्या घरच्या बाईचे नाव लिहावे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. कंपनीच्या छापाखाली नसलेले बियाणे विकण्याचाही दिला आहे. शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणीही करता येते, आणि त्याला शुल्क नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री मिळाली. हे काम एका बाईवर सोडून भागणार नाही.

चौथी : चाकण, भोसरी, तळवडे या भागात कामाला असलेल्या पोरांना ही माहिती पोहोचवावी. सणासुदीला पोरे घरी येतात तेव्हा गावात बैठक घ्यावी. छत्रपती संभाजीनगरकडे कोणाचे जाणे झाले तर खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे, ती दाखवावी. डब्यातली भाकरी लपवणाऱ्या पोराला कळले पाहिजे की त्याच्या हातात पाच हजार वर्षांची विद्या आहे आणि ती विद्या दोन मुलुखांच्या शेतकऱ्यांनी मिळून घडवली आहे.

या पेरणीला पाभरीच्या चाड्यावर मूठ धरताना एवढे आठवा, की हेच दाणे असेच मुठीतून सोडणारा कोणी तरी सुदानच्या काळ्या रानात उभा आहे. त्याचीही मागणी आपलीच आहे. घडवणाऱ्याचे नाव लिहा आणि घामाचे दाम द्या.